जॉन बॉइड डनलॉप : हवेच्या टायरचे जनक आणि रेसच्या टायरचे आयुष्य



डनलॉप हे नाव आपल्या घराघरात पोहोचले ते गादीमुळे. फोमच्या गादीला कितीतरी घरांत अजूनही डनलॉपची गादीच म्हणतात. पण हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस गादीवाला नव्हता, इंजिनिअरही नव्हता. जॉन बॉइड डनलॉप हे गुरांचे डॉक्टर होते. आज जगभर जी हवेची चाके धावतात, ती त्यांच्या अंगणातल्या एका प्रयोगातून रस्त्यावर आली.

आजच्या पाठासाठी हे चरित्र निवडण्याला एक कारण आहे. आठवी-नववीच्या मुलांना बाइकचे किती वेड असते, हे तुम्हाला सांगायला नको. मोबाईलवर ती मोटोजीपीच्या शर्यती बघतात. रेसच्या गाडीचा टायर अगदी गुळगुळीत असतो, त्यावर एकही खाच नसते, हे त्यांच्या बरोबर लक्षात येते. मग प्रश्न येतो : तीनशेच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला गुळगुळीत टायर चालतो, तर आमच्या गाडीचा टायर गोटा झाला म्हणून काय बिघडलं?

प्रश्न चांगला आहे. पण उत्तर न देता मुलाला गप्प बसवलं, तर तेच पोरगं उद्या पावसात गोटा टायरवर घाट उतरायला निघेल. म्हणून आज डनलॉप यांचे आयुष्य आणि टायरचे आयुष्य, दोन्ही जोडीने समजून घेऊ या.

जन्म आणि शिक्षण

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर भागातल्या ड्रेगहॉर्न या गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे. आपण अपुऱ्या दिवसांचे जन्मलो, असे त्यांना लहानपणापासून सांगण्यात आले होते. त्यामुळे ते आयुष्यभर तब्येतीला जपून राहिले.

एडिनबर्गच्या प्रसिद्ध डिक पशुवैद्यक महाविद्यालयात त्यांनी गुरांच्या वैद्यकीचे शिक्षण घेतले. सुमारे दहा वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक आणि मग बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना चालवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचा जम चांगला बसला आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकांत त्यांची गणना होऊ लागली. म्हणजे बघा, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत या गृहस्थांचा चाकाशी संबंध एवढाच, की ज्या घोड्यांवर ते उपचार करत, ते घोडे गाड्या ओढत होते.

अंगणातला प्रयोग

त्या काळी बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे होते. गाड्यांना लोखंडी धावा नाहीतर भरीव रबराच्या पट्ट्या असत. चाक दगडावर आपटे, गाडी खडखडे आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीत बसलेल्या आजी-आजोबांना विचारा, ते बरोबर सांगतील.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि असल्या रस्त्यावर ती चालवताना त्याचे हाल होत. मुलाचा त्रास कमी व्हावा, एवढाच विचार वडिलांच्या मनात होता. सन होते १८८७.

डनलॉप यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी करून ती चकतीच्या कडेने गुंडाळली, वरून कापड ताणून बसवले, ते खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. आता खरोखर फरक पडतो का, हे बघायला हवे. त्यांनी सायकलचे भरीव रबराचे चाक अंगणात ढकलून दिले. ते थोडे अंतर जाऊन आडवे पडले. मग हवेची चकती ढकलली. ती अंगण ओलांडून पार टोकापर्यंत गेली आणि तिथे आपटून परत उसळली.

पालकहो, हा क्षण मुलांना सांगताना घाई करू नका. डनलॉप यांना हवा होता फक्त आराम. अंगणात त्यांना दिसले ते वेगळेच. हवेचे चाक मऊ तर होतेच, शिवाय ते दूरही गेले. कारण दगडावर आपटताना भरीव चाकाची जी शक्ती उसळण्यात वाया जात होती, ती हवेच्या चाकात वाचली. खडा आला की टायर तेवढ्यापुरता दबतो, पुढे गेला की पुन्हा फुगतो. गाडीला वर उचलावे लागत नाही.

फेब्रुवारी १८८८ च्या अखेरीस जॉनीच्या सायकलला अशी चाके बसली. ७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉप यांना पेटंट मिळाले.

आज हेच काम मोठमोठ्या चाचणी-ट्रॅकवर होते. आपल्या अहिल्यानगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिथे वाहने तपासण्यासाठी मुद्दाम बांधलेले ट्रॅक आहेत. पण प्रश्न तोच असतो : दोन चाकांना सारखी संधी द्या आणि कोणते कसे वागते ते बघा.

शर्यतीच्या मैदानात

नवा टायर जाडजूड दिसे. सायकलवाल्यांनी त्याची खूप टिंगल केली. असली फुगलेली चाके बायकापोरांच्या सायकलींना ठीक, शर्यतीत त्यांचे काय काम, असाच सूर होता.

बेलफास्टच्या सायकल क्लबचे कप्तान विली ह्यूम यांनी मात्र हवेच्या टायरची सायकल घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. ह्यूम मैदानात उतरले तेव्हा लोक हसले. ह्यूम यांनी सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. पुढे लिव्हरपूललाही त्यांनी अशीच बाजी मारली.

हवेचा टायर लोकांनी स्वीकारला तो या मैदानामुळे. मुलाला आराम मिळावा म्हणून जन्मलेली वस्तू शर्यतीच्या ट्रॅकवर सिद्ध झाली. वेग म्हटला की आजही आधी टायरचाच विचार होतो, त्याची सुरुवात इथे आहे.

श्रेय आणि पैसा

हार्वे द्यू क्रॉस हे डब्लिनचे उद्योगपती होते. त्यांची मुलेही सायकलपटू होती आणि ह्यूम यांच्याकडून हरली होती. या टायरमध्ये काय दडले आहे, हे त्यांनी लगेच ओळखले. १८८९ मध्ये डब्लिनला कंपनी निघाली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीला दिले आणि त्याबदल्यात थोडे पैसे व १५०० शेअर घेतले.

मग एक धक्का बसला. पेटंट मिळाल्यानंतर दोनेक वर्षांत कळले, की ते टिकणारे नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. लंडनमध्ये घोडागाड्यांना त्याची चाके लावूनही पाहिली होती. पण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या आणि चांगले रबर महाग होते. म्हणून ती कल्पना विस्मरणात गेली. डनलॉप यांना त्याची माहिती नव्हती. त्यांनी तोच शोध स्वतंत्रपणे लावला, पण कायद्याच्या लेखी ते दुसरे ठरले.

कंपनी तरीही चालली, कारण तिने टायर रिमवर घट्ट बसवण्याची आणि सहज काढण्याची इतर लोकांची पेटंटे विकत घेतली. डनलॉप यांचा पहिला टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे मोठा खटाटोप. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार असलेला टायर आणला. आपल्या सायकलचा टायर आजही जवळपास त्याच पद्धतीने बसतो.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि आपला हिस्साही विकून टाकला. पुढच्याच वर्षी द्यू क्रॉस यांनी ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली. त्या संपत्तीत डनलॉप यांचा वाटा नव्हता. त्यांचे नाव आणि दाढीवाला चेहरा मात्र कंपनीच्या जाहिरातींवर जगभर फिरत राहिला.

डनलॉप डब्लिनमध्ये स्थायिक झाले. तिथे एका कापड दुकानाच्या व्यवसायात त्यांनी लक्ष घातले आणि शांत आयुष्य जगले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यांनी केलेला एक जुना टायर एडिनबर्गच्या संग्रहालयात ठेवलेला आहे आणि उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. भारतात त्यांच्या नावाचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला सुरू झाला.

टायर झिजतो म्हणजे काय होते?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. डनलॉप यांच्या हयातीतच मोटारसायकल आली आणि तिच्या शर्यतीही सुरू झाल्या. मे १९०७ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर पहिली टीटी शर्यत झाली. त्यात दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर जिंकले, पण कसे? उतारावर ताशी सुमारे शंभर किलोमीटरच्या वेगात असताना त्यांचा पुढचा टायर फुटला आणि ते आदळले. शर्यत सोडून द्यावी असे त्यांच्या मनात आले. तेवढ्यात आपण आघाडीवर आहोत असे एका प्रेक्षकाकडून कळले, म्हणून ते पुन्हा निघाले आणि जिंकले. इंजिनाची ताकद वाढत होती आणि टायर मागे पडत होता.

सुरुवातीचे टायर काळे नव्हते, फिकट रंगाचे होते. रबरात काजळीसारखी बारीक पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळायला लागल्यावर टायर काळे झाले आणि त्यांची झीज एकदम कमी झाली. टायर काळा असतो तो मळ दिसू नये म्हणून नाही, टिकावा म्हणून.

टायर रस्ता धरतो कसा? इथे खोडरबराचे उदाहरण द्या. मऊ खोडरबर कागदावर छान पकड घेते, पेन्सिल स्वच्छ पुसते, पण लवकर संपते आणि त्याचा चुरा पडतो. कडक खोडरबर वर्षभर टिकते, पण कागदावरून नुसते घसरते. टायरचेही तसेच आहे. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते आणि धरून ठेवते. धरून ठेवताना स्वतः थोडे थोडे सुटत जाते. आपण रस्त्यावर पकड मिळवतो ती रबर खर्च करून.

रेसच्या टायरचे आयुष्य किती?

आपल्या रोजच्या गाडीचा मागचा टायर नीट वापरला तर वीस हजार किलोमीटरच्या पुढेही जातो. मोटोजीपीची मुख्य शर्यत साधारण १०० ते १३० किलोमीटरची असते आणि मागचा टायर तेवढ्यातच आपले काम करून संपतो. हिवरे बाजारहून पुण्याला गेलो की टायर बदलायचा, असा हा हिशेब!

याची कारणे मुलांना अशी सांगता येतील.

पहिले कारण मऊ रबर. रेसचा टायर मुद्दामच मऊ करतात. तो गार असताना नीट पकड देत नाही, म्हणून शर्यतीआधी त्याला विजेवर तापणारे पांघरूण घालून जवळपास शंभर अंशांपर्यंत गरम करतात.

दुसरे कारण वळणे. वळणावर गाडी इतकी झोपते, की स्वाराचा गुडघाच काय, कोपरही जमिनीला टेकते. त्या वेळी रस्त्याला टेकलेला टायरचा भाग फार तर तळहाताएवढा असतो. माणूस, गाडी आणि वेग, सगळ्याचा ताण त्या तळहातावर.

तिसरे कारण इंजिनाची ताकद. वळणातून बाहेर पडताना स्वार जोरात ॲक्सिलरेटर पिळतो आणि मागचे चाक किंचित घसरत फिरते. प्रत्येक घसरणीत रबर खरवडले जाते. खरवडलेल्या रबराच्या गोळ्या ट्रॅकच्या कडेला साचतात. खोडरबराचा चुरा, तोच हा. स्वार त्या गोळ्यांवर गेला, तर पाय घसरावा तशी गाडी घसरते.

झीज सगळीकडे सारखीही नसते. जर्मनीच्या साक्सनरिंग ट्रॅकवर १३ वळणे आहेत. त्यांतली १० डावी आणि ३ उजवी. तिथे टायरची डावी बाजू झिजते आणि तापते, उजवी गार राहते. म्हणून एकाच टायरच्या दोन बाजूंना वेगवेगळे रबर वापरतात. आपल्या गाडीचे उलटे असते. आपण सरळ रस्त्यावर जास्त चालवतो, म्हणून टायर मधोमध सपाट होतो.

उष्णता टायरला हवी असते, पण प्रमाणात. फार तापला तर रबराला आतून फोड येतात. गार असताना जोर लावला तर पृष्ठभाग फाटून कंगोरे पडतात. शिवाय एकदा तापून गार झालेले रबर पुन्हा पहिल्यासारखे राहत नाही, थोडे कडक होते. म्हणून रेसचा वापरलेला टायर डोळ्याला जाड दिसला तरी आतून त्याचे वय झालेले असते.

चोवीस तासांच्या शर्यतीत पेट्रोल भरायला थांबल्यावर टायरही बदलता येतात. मोटोजीपीत मात्र कोरड्या ट्रॅकवर एकाच जोडीवर शर्यत संपवायची असते. त्यामुळे जिंकायचे तर नुसता वेग पुरत नाही. पहिल्या पाच फेऱ्यांत सगळे रबर उधळणारा शेवटच्या पाच फेऱ्यांत मागे पडतो. शहाणा स्वार सुरुवातीला हात राखून चालवतो.

आणि टायरने दगा दिला तर? मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या डेटोना ट्रॅकवर ब्रिटनचे बॅरी शीन सराव करत होते. ताशी २८० किलोमीटरच्या आसपास वेग असताना मागचा टायर निकामी झाला. त्यांच्या मांडीचे हाड मोडले, इतरही अनेक हाडे मोडली. ते वाचले, काही आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसले आणि १९७६ व १९७७ मध्ये जगज्जेते झाले. पण खास कपडे, बंद ट्रॅक, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असे सगळे असताना ही अवस्था. आपल्या पोरांच्या अंगावर काय असते? टी-शर्ट आणि चप्पल.

टायरचा ताळेबंद

हा हिशेब समजावायला आपल्या भागात फार चांगले उदाहरण आहे. हिवरे बाजारच्या पाण्याचा ताळेबंद मुलांना माहीत असतो. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने डोंगरावर चर खोदले, पाणी अडवले आणि झाडे जपली. पण तेवढ्यावर गाव थांबले नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, जमिनीत किती पाणी मुरले याचा अंदाज घ्यायचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवायचे आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखे पाणी पिणारे पीक नाही. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचे.

रेसच्या संघातले तंत्रज्ञही शर्यतीच्या आदल्या दिवशी हेच करतात. ट्रॅक किती तापेल, फेऱ्या किती, वळणे कोणत्या बाजूची, हे मांडून मऊ, मध्यम की कडक टायर लावायचा ते ठरवतात. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली. तेव्हा उकाडा इतका होता, की शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ फेऱ्यांवर आणली. हिशेब बदलला की निर्णय बदलतो. मऊ टायर म्हणजे ऊस समजा. उत्पन्न जोरदार, पण साठा लवकर संपवणारा. तो कुठे परवडतो आणि कुठे नाही, हे ओळखणे म्हणजेच शहाणपण.

मग आपला गोटा टायर का चालत नाही?

आता उत्तर सोपे आहे. रेसचा टायर गुळगुळीत जन्मतो. त्याचे रबर पुरे असते, फक्त खाचा नसतात, म्हणजे कोरड्या ट्रॅकला जास्तीत जास्त रबर टेकते. आपला टायर गुळगुळीत होतो, कारण त्याचे रबर संपलेले असते. उरतो तो पातळ, कडक थर आणि त्याखाली धाग्यांचा सांगाडा. एक पैलवान मुद्दाम डोके तासून आखाड्यात उतरलेला, दुसऱ्याचे केस आजारपणाने गेलेले. दोघे दिसायला सारखे म्हणून ताकद सारखी होत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पाऊस आला की मोटोजीपीवालेसुद्धा गुळगुळीत टायर काढून ठेवतात आणि खाचांचे टायर लावतात. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे. खाचा नसल्या तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो. गाडी रस्त्यावर नव्हे, पाण्यावर चालते आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. जगातले सर्वांत तयार स्वार जे धाडस करत नाहीत, ते आपण दुधाचे कॅन लावून, मागे मुलाला बसवून करतो.

घरी एवढे जरूर तपासा :

१. टायरच्या खाचेत तळाशी रबराची छोटी आडवी उंचवट्याची खूण असते. बाजूला बाण किंवा टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरे बघून ती सापडते. दुचाकीत ही खूण साधारण ०.८ मिलिमीटर उंच असते. टायर झिजून खुणेला टेकला, की त्याचे आयुष्य संपले.

२. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२२ म्हणजे २०२२ चा ३१ वा आठवडा. कमी चाललेला टायरही उन्हाने आणि वयाने कडक होतो. बाजूला भेगा दिसल्या तर खाचा शिल्लक असूनही तो बदला.

३. हवा ठरलेलीच ठेवा. कमी हवेने टायर कडांना झिजतो आणि तापतो, जास्त हवेने मधोमध झिजतो. डनलॉप यांनी टायरमध्ये हवा भरली, तीच जर आपण तपासत नसू तर उपयोग काय?

वर्गात करण्यासारखे

खोडरबराची शर्यत : एक मऊ आणि एक कडक खोडरबर घ्या. दोन्ही सारख्या जोराने पॉलिश पेपरवर वीस वेळा घासायला लावा. कोणते जास्त अडखळते, कोणाचा चुरा जास्त पडतो, हे वहीत लिहून घ्या. पकड आणि झीज यांचे नाते मुलांना हातात कळेल.

काडीची मोजणी : बंद उभ्या गाडीच्या टायरच्या खाचेत काडेपेटीची काडी उभी घालून नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. मुलांना घरच्या गाडीची नोंद आणायला सांगा. मध्ये आणि कडेला, दोन्हीकडे मोजायचे. पुढच्या पालकसभेत हा तक्ता भिंतीवर लावा. सांगण्यापेक्षा स्वतःच्या मुलाच्या अक्षरातला आकडा पालकांना लवकर पटतो.

चर्चेसाठी प्रश्न :
१. डनलॉप यांना हवा होता आराम, सापडला वेग. असे आणखी कोणते शोध तुम्हाला माहीत आहेत?
२. थॉमसन यांचा टायर १८४५ मध्ये का चालला नाही आणि डनलॉप यांचा १८८९ मध्ये का चालला?
३. रेससाठी चांगला असलेला टायर दूध घालायला जाणाऱ्या गाडीला का चांगला नाही?

मित्रांनो, डनलॉप यांनी टायर केला तो मुलाला दगडी रस्त्यावर त्रास होऊ नये म्हणून. त्यातून ते फार श्रीमंत झाले नाहीत आणि पहिले संशोधक म्हणूनही कायद्याने त्यांना मान मिळाला नाही. तरी लेकराच्या काळजीतून सुरू झालेले ते काम आज प्रत्येक चाकात आहे. शिकवून झाल्यावर शाळेबाहेर लावलेल्या गाड्यांपाशी मुलांना घेऊन जा आणि खाचा मोजा. सुरुवात आपल्या स्वतःच्या गाडीपासून करा.